आधी कागद, मग शाई, पेन सगळ्यात शेवटी

शाईच्या पेनाचा नाद नवा असला की माणूस पेनंच घेत सुटतो. एक खरडतं म्हणून दुसरं, दुसऱ्याची शाई पसरते म्हणून तिसरं. सहा महिन्यांत खोका भरतो आणि रोज लिहावंसं वाटणारं पेन त्यात एकही नसतं. माझं मत असं की यातल्या बहुतेक तक्रारी पेनाच्या नसतातच. शाई पसरते ती कागदामुळे, पेन अडतं ते आत वाळलेल्या शाईमुळे, अक्षर भरून जातं ते निबेची जाडी चुकल्यामुळे. म्हणून पैसे घालायचा क्रम उलटा ठेवायचा. कागद पहिला, शाई दुसरी, विकतचं पेन शेवटी. इंदूरला राहून हे कसं जमवायचं, कुठली वस्तू कुठे मिळते आणि जुनं पेन हाती आलं तर त्याचं काय करायचं, ते सांगते.

पहिलं पेन घरातच शोधा

रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर इथल्या मराठी घरांतून आजोबांचं पेन अजून निघतं. चष्म्याच्या जुन्या घरात, फडताळात, जमाखर्चाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात. मावशीला, आत्याला विचारा. ‘घेऊन जा बाई, इथे पडूनच आहे’ हे उत्तर बहुतेक वेळा मिळतं. मिळालेल्या पेनात लगेच शाई भरायची नाही. आधी ते शाई कशी घेतं ते ओळखायचं.

मागची नळी फिरवून उघडली आणि आत नुसती पोकळी दिसली, तर ते ड्रॉपरने भरायचं पेन. आपल्याकडची जुनी पेनं बहुतांश याच जातीची. आत धातूचा पिंजरा आणि दाबायची पट्टी दिसली, तर आत पिशवी आहे. चिनी हीरो ६१६ असंच भरतं. बाहेर नळीच्या कुशीत छोटी खिटी असेल तर आत रबराची पिशवी आणि खिटीने ती दाबायची. मागचं टोक फिरवल्यावर आत दट्ट्या सरकत असेल तर पिस्टन. दट्ट्या अडत असेल तर जोर करू नका, तो पाण्याने मऊ पडेपर्यंत थांबा.

दुसरी ओळख वासाने करायची. पेनाची नळी अंगठ्याने जोरात घासा आणि नाकाशी धरा. गंधकाचा, रबराचा वास आला तर ते एबोनाइट, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून केलेला कडक पदार्थ. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूर घालतात. वास नसला तर साधं प्लास्टिक. ही ओळख धुण्याआधी हवी. एबोनाइट फार वेळ पाण्यात राहिलं की काळं पेन हिरवट-तपकिरी होतं आणि तो रंग पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. सेल्युलॉइड पेटतं, त्यामुळे घट्ट बसलेला भाग सैल करायला त्याला मेणबत्ती किंवा गॅसजवळ न्यायचा विचारही करू नका.

धुणं

या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच. लागणारं सामान सगळं मेडिकलच्या दुकानात मिळतं: पाच मिलीचं इंजेक्शन आणि लहान बाळाचं नाक साफ करायची रबरी पिचकारी. सुईचं टोक कानशीवर घासून बोथट करा, नाहीतर शाई भरताना बोटात जाते.

निबेकडचा पुढचा भाग नळीपासून वेगळा करा आणि तेवढाच एका वाटीत, निब बुडेल इतक्या गार पाण्यात ठेवा. तासाभरात पाण्यात निळा किंवा काळा धूर उतरायला लागतो. पाणी बदला, पुन्हा ठेवा. वीस वर्षं वाळलेली शाई एका दिवसात सुटत नाही. रात्रभर ठेवून सकाळी पाणी बदलायचं, असं चालू द्या. एबोनाइटचा भाग असेल तर मात्र भिजत घालू नका. पिचकारीचं तोंड मागच्या बाजूला लावून पाणी पुढे रेटा, म्हणजे जिभेच्या, निबेखालच्या त्या खाचांच्या पट्टीच्या, बारीक वाटांतून ते निघेल. अगदीच अडलं तर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, आणि नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी. शेवटी निब टीपकागदावर किंवा जुन्या सुती कापडावर उभी टेकवा. डाग पांढरा, निव्वळ पाण्याचा आला की झालं.

गरम पाणी आणि स्पिरिट, दोन्ही वर्ज्य. गरम पाण्याने सेल्युलॉइड वाकतं, एबोनाइटचा रंग जातो. स्पिरिटने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

पाण्याबद्दल इंदूरकरांना एक वेगळं सांगायला हवं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी (ते शहरात १९७८ मध्ये आलं) धुण्याला ठीक आहे. बोअरिंगचं पाणी जड असतं. बादलीवर, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तोच जिभेच्या केसाएवढ्या खाचेत बसला तर शाई अडते. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे मिळतं तेच, मात्र त्यात अ‍ॅसिड नाही याची खात्री करून घ्या.

रबरी पिशवी दगडासारखी कडक झाली असेल तर ती बदलावी लागते. पुढचा भाग सावकाश फिरवत किंवा ओढत काढा. निघत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. जुन्या पिशवीचे तुकडे टोकरून काढा, पिशवी जिच्यावर बसते त्या तोटीचा व्यास मोजा आणि त्या मापाची लेटेक्सची पिशवी मागवा. ती चिकटवायला चपडा वापरायचा, सुतार पॉलिशला वापरतात तोच, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. इथे स्पिरिट चालतं, कारण ते उडून जातं आणि मागे लाख राहते. फेविक्विकने चिकटवलेली पिशवी पुढच्या वेळी निघत नाही, तोटी मोडते. पिशवीवरून टाल्कम पावडर हलकेच फिरवा, म्हणजे ती नळीला आतून चिकटणार नाही.

कागद

धुतलेलं पेन वाळतंय तोवर कागद बघा. वजन म्हणजे जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) बघून कागद घेणारे फसतात. शाई अडवते ती कागदाला दिलेली खळ. जाडीचा तिच्याशी फारसा संबंध नाही. जपानचा टोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, पतंगाच्या कागदासारखा पातळ, तरी त्यावर शाई काठाला जराही फुटत नाही. उलट जाडजूड फोटोकॉपीच्या कागदावर अक्षराला केस फुटलेले दिसतात.

खजुरी बाजारात वह्यांच्या दुकानांत जाताना शाई भरलेलं पेन खिशात न्या आणि दुकानदाराकडून कोऱ्या वहीचं शेवटचं पान मागून घ्या. बहुतेकजण देतात. पानावर तीन गोष्टी करा: एक शब्द लिहा, एक जाड ठिपका द्या आणि पेन दोन सेकंद टेकवून ठेवा. शब्दाचा काठ स्वच्छ राहिला, ठिपका गोल राहिला आणि मागच्या बाजूला शाई उतरली नाही, की वही घ्या. त्याच कंपनीची पुढची वही तशीच निघेल असं मात्र समजू नका. शाळेच्या वह्यांचा कागद एका लॉटमधून दुसऱ्यात बदलतो, त्यामुळे आवडलेल्या वहीच्या तीन-चार प्रती एकदमच आणा. दिवाळीच्या सुमारास हिशेबाच्या वह्या येतात तेव्हा लेजर कागदही तपासून बघा. तो शाईनेच लिहिण्यासाठी बनायचा, आणि चांगला मिळाला तर त्यावर लिहिण्याची मजा निराळी.

शाई

पहिली बाटली कॅमलची, रॉयल ब्लू. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडी-गोळ्यांपासून धंदा सुरू केला, त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत पार्करची क्विंक बाजारात आली. कॅमल ही दांडेकरांच्या त्याच धंद्यातून आलेली शाई. शंभराची नोट दिली तर सुटे परत येतात, आणि डाग धुतला जातो. जुन्या, नुकत्याच धुतलेल्या पेनात हीच भरा. पेन बिघडलंय की शाई जड आहे हा प्रश्नच उरत नाही.

शाईचे तीन प्रकार लक्षात ठेवले की पुढे सगळं सोपं होतं. पहिला रंगाची शाई: पाण्यात विरघळलेला रंग. पेनाला सगळ्यात निर्धोक, पण पाणी पडलं की अक्षर वाहतं आणि उन्हात फिकं होतं. दुसरी मायफळातलं, म्हणजे ओकच्या झाडावर किडीमुळे येणाऱ्या गाठींतलं, टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोहाचा क्षार यांची शाई. लिहिताना निळी दिसते, हवेत हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या धाग्यांना कायमची धरून राहते. दस्तऐवजांना शतकानुशतकं हीच वापरात होती. ती आम्लधर्मी असते, म्हणून पेनात महिनोन् महिने पडू द्यायची नाही आणि स्टीलच्या स्वस्त निबेत टाळायची. तिसरी बारीक कणांची, पिगमेंट शाई. पाण्याला दाद देत नाही, पण पेनात वाळली तर काढता काढता नाकी नऊ येतात. चित्रकारांची इंडिया इंक तर पेनात कधीच घालू नका. तिच्यात लाख असते आणि ती पेनाचा गळा कायमचा बंद करते.

चमकीच्या शाया फोटोत फार सुंदर दिसतात. रोजच्या पेनात मी त्या घालत नाही. चमकी तळाशी बसते आणि जिभेत साठते. हौस असेल तर त्यासाठी काचेची निब किंवा साधा टाक ठेवा.

खोलीत बाटलीवर ऊन येत असेल तर बाटली तिच्या खोक्यातच राहू द्या. बाटलीत पेन बुडवण्यापेक्षा लहान शिशीत थोडी शाई काढून घेऊन त्यातून भरा, म्हणजे मोठ्या बाटलीत बाहेरचं काही जात नाही. जुन्या बाटलीत धाग्यासारखं, जाळ्यासारखं काही तरंगत असेल तर ती बुरशी. गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या आणि त्या शाईत बुडवलेली पेनं धुवा. दोन शाया मिसळायच्या असतील तर आधी काचेच्या शिशीत मिसळून दोन दिवस ठेवा. तळाशी गाळ बसला नाही तरच पेनात.

लाल आणि जांभळ्या शाया पारदर्शक पेनाला कायमचा रंग चढवतात. पारदर्शक पेन आवडत असेल तर त्याला आयुष्यभर एकच निळी शाई पाजा, हा माझा सोपा उपाय.

निब, आणि आपली लिपी

इथे मराठी लिहिणाऱ्याने स्वतःचाच हात बघावा, परदेशी सल्ला बाजूला ठेवावा. निबांचे आकडे रोमन लिपीच्या हिशेबाने सांगितले जातात. मिडियम निब इंग्रजी अक्षराला छान, पण त्याच निबेने ओळीच्या वहीत ‘ज्येष्ठ’, ‘कृतज्ञ’, ‘क्षत्रिय’ लिहून बघा. ‘ष्ठ’ची पोकळी भरून जाते, ‘ज्ञ’चा गुंता दिसतो. बारीक अक्षर असणाऱ्यांनी फाइन निबेपासूनच सुरुवात करावी. त्यातही जपानी फाइन युरोपीय फाइनपेक्षा साधारण एका पायरीने बारीक असते; जोडाक्षरांना ती जास्त मानवते.

दुसरी गोष्ट शिरोरेघ. आपण शब्द पूर्ण करतो आणि मग वरून रेघ ओढतो. शाई फार वाहती असेल तर ती रेघ ओल्या अक्षरांच्या डोक्यांवरून जाताना शाई ओढत नेते, आणि प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर गाठ दिसते. हे दिसलं की पेन बदलायच्या आधी थोडी कोरडी, म्हणजे कमी वाहणारी, शाई भरून बघा. लोहाच्या शाया बहुधा कोरड्या वाहतात, म्हणून अशा वेळी त्या उपयोगी पडतात.

स्टब, म्हणजे सपाट टोकाची निब, हाताला सवय झाली की मराठीला फार शोभते. सरळ धरली तर उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, त्यामुळे काना ठसठशीत आणि शिरोरेघ नाजूक. पत्रांसाठी ठेवा, हिशेब लिहायला नको.

निब खरडत असेल तर आधी भिंगातून बघा. दहा पटीचं भिंग सराफ्यात मिळतं, कारण सोनारांना ते लागतंच. मात्र दिवसा जा. रात्री दुकानं बंद होऊन तिथे खाऊच्या गाड्या लागतात आणि भुट्ट्याच्या किसावर बोळवण होते. भिंगातून समोरून पाहिल्यावर निबेच्या दोन पाकळ्या एका पातळीवर दिसायला हव्यात. एक वर असेल तर ती नखाने अगदी हलकी खाली दाबा, लिहून बघा, पुन्हा दाबा. खरडण्याची बहुतेक प्रकरणं एवढ्यावरच मिटतात. सॅंडपेपर मात्र घेऊ नका. टोकावरच्या कठीण धातूचा जो मणी असतो तो एकदा घासला गेला की निब संपली.

आता पेन घ्या

एवढं झाल्यावर आपल्याला काय हवं ते आपसूक कळलेलं असतं. पहिलं विकतचं पेन हिंदुस्थानी असावं असं मी म्हणते. देशप्रेमाचा भाग थोडा आहेच, पण मुख्य कारण सोय. राजमुंद्रीत रत्नम् पेन गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३० च्या दशकात सुरू झालं, आणि लेथवर हाताने वळवलेली एबोनाइटची पेनं आजही आंध्र-तमिळनाडूकडे बनतात. कानपूरची कॅनराइट निबा बनवते. पेनात ६ नंबरची निब बसत असेल तर ती नंतर बदलता येते, हे घेण्याआधी विचारून घ्या. एबोनाइटचं पेन हातात लवकर कोमट होतं आणि घाम आला तरी निसटत नाही.

ज्यांना धरण्याची पद्धत सुधारायची आहे त्यांना लॅमी सफारी, १९८० पासूनचं, बरं. त्याच्या तिकोनी पकडीत बोटं आपोआप जागेवर येतात. आपली पकड वेगळी असेल तर मात्र तीच पकड जाच होते. दुकानात पाच मिनिटं लिहिल्याशिवाय घेऊ नका.

जुन्या बाजारातलं पेन घेताना भिंग बरोबर न्या. निबेवर १४ कॅरेट किंवा ५८५ असं कोरलेलं असेल तर ते सोनं. अक्षरं नीट वाचा, कारण ‘प्लेटेड’ हा शब्द लहान टाइपात लपलेला असतो. ‘इरिडियम पॉइंट’ लिहिलेलं म्हणजे सोनं नव्हे, ती साधी स्टीलची निब. सोन्याची जुनी निब कुणी वजनावर मागितली तर देऊ नका. तिचं वजन ग्रॅमही भरत नाही, पेन मात्र जातं. टोपणाच्या ओठाला तडा आहे का ते प्रकाशाकडे धरून बघा. तडा वाढतोच, आणि टोपण हवाबंद नसेल तर निब दर सकाळी वाळलेली मिळते. नळीचे आटे झिजलेले, निबेचं टोक वाकलेलं, या दोन गोष्टींवर किंमत अर्ध्याहून खाली आणा किंवा सोडून द्या. पिशवी फाटलेली असेल तर त्यावर घासाघीस करा, पण ती दुरुस्त होते हे मनात ठेवा.

ड्रॉपरच्या पेनाला घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं.

मे महिना आणि पाऊस

मालव्यातला मे ड्रॉपरच्या पेनाची परीक्षा घेतो. हाताच्या उबेने नळीतली हवा फुगते आणि शाई निबेवाटे बाहेर ढकलते. शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की हवा जास्त, म्हणून ठिपके पडतात. उपाय एकच, उन्हाळ्यात पेन अर्ध्यावर येताच भरून घ्या. स्कूटरच्या डिकीत आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ठेवू नका. सेल्युलॉइड वाकतं, बाकीची गळतात. लू चालू असताना दोन-चार दिवस न वापरलेलं पेन वाळतं. निबेला पाण्याचा एक थेंब लावून टीपकागदावर टेकवलं की बहुधा चालू होतं.

पावसाळ्यात पेनाला त्रास नाही, कागदाला आहे. वही दमट होते आणि जानेवारीत चांगली वाटलेली शाई जुलैत फुटायला लागते. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद कपाटात ठेवा.

प्रवासात पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर.

वही

संग्रहाचा हिशेब एका वेगळ्या वहीत ठेवा. दर नव्या शाईचं अर्धं पान: नाव, कुठल्या पेनात, कुठल्या तारखेला, त्या कागदावर ‘ज्येष्ठ’ आणि ‘कृतज्ञ’ कसे उठले. कोपऱ्यात एक चौकोन भरून त्यावर पाण्याचा थेंब टाका, वाळला की कळतं ती शाई पाण्याला किती टिकते. दुसऱ्या अर्ध्या पानावर पेनाची नोंद: कधी धुतलं, आता आत काय आहे. तीनपेक्षा जास्त पेनं एकावेळी भरलेली ठेवू नका. चौथं भरायचं तर एक धुऊन, वाळवून, रिकामं करून खोक्यात ठेवा. भरलेली आडवी पडलेली पेनं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं धुणं.

आणि बँकेत, पोस्टात कुणी ‘जरा पेन देता?’ म्हणालं, तर द्यायला खिशात एक बॉलपेन ठेवा. बॉलपेनची सवय असलेला हात दाबून लिहितो, आणि निबेच्या दोन पाकळ्या त्या एका सहीत कायमच्या फाकतात.